रडार-सोनारच्या रिसर्चमध्ये शिरायचंय? मुंबईत बसून सुरुवात कशी करायची

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची बरीच मुलंमुली विचारतात की डिफेन्ससाठीच्या रडार, सोनार, सिग्नल प्रोसेसिंगमध्ये रिसर्च करायचाय तर नेमकं काय करू, आणि त्यांना बहुतेक वेळा एवढंच उत्तर मिळतं की गेट दे, मग बघू. गेट द्यायचीच आहे, त्यावर खाली बोलतो, पण त्याच्या आधी एक काम आहे जे कोणी सांगत नाही. खरा सिग्नल हातात घे. खरा म्हणजे ज्यात नॉइज आहे, भिंतींचे इको आहेत, समुद्राच्या लाटांचा क्लटर, म्हणजे नको असलेले इको, आहे. पुस्तकातला सिग्नल साफ असतो, नॉइज गॉशियन, म्हणजे घंटेच्या आकाराच्या साध्या वितरणाचा असतो आणि टार्गेट एकटं उभं असतं, आणि प्रत्यक्षात यातलं काहीच तसं नसतं, आणि हा सगळा रिसर्च चालतो तो बरोब्बर त्या फरकावरच. त्यामुळे थेट डीप लर्निंगचं मॉडेल उचलून रडारच्या इमेजवर चालवायच्या मागे लागू नकोस, ते नंतर करता येतं, आधी नॉइज ओळखायला शिक.

गणित किती लागतं? सिग्नल्स अँड सिस्टिम्स पक्कं पाहिजे, प्रोबॅबिलिटी आणि रँडम प्रोसेस पक्कं पाहिजे, आणि लिनिअर अल्जेब्रा म्हणजे आयगनव्हॅल्यू, प्रोजेक्शन, लीस्ट स्क्वेअर्स. मुंबईच्या बऱ्याच कॉलेजांत रँडम प्रोसेस परीक्षेपुरतं उरकतात, तिथेच पुढे सगळे अडकतात, म्हणून एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचा एखादा कोर्स पूर्ण कर, असाइनमेंट सोडवून, नुसते व्हिडिओ बघून काही होत नाही. बाकी गोष्टी काम करता करता येतात.

आता पहिला प्रयोग, आणि याला काही विकत आणावं लागत नाही. लॅपटॉपचा स्पीकर आणि माइक वापरून हवेतला सोनार बनव. पायथन किंवा ऑक्टेव्ह घे, सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ, एक चर्प तयार कर जो १० मिलीसेकंदांत ४ किलोहर्ट्झवरून ८ किलोहर्ट्झवर जातो. तो वाजव, त्याच वेळी माइकवर रेकॉर्ड कर, आणि रेकॉर्डिंगचं त्याच चर्पशी क्रॉस-कोरिलेशन काढ. हाच मॅच्ड फिल्टर. लॅपटॉप भिंतीपासून मीटरभर लांब ठेव, बाकी सामान जमेल तेवढं बाजूला. पहिला मोठा पीक दिसेल तो स्पीकरवरून थेट माइकवर आलेल्या आवाजाचा, त्यालाच शून्य वेळ धर म्हणजे साउंड कार्डच्या लेटन्सीची भानगडच राहत नाही. मुंबईत ३० अंशाला हवेत आवाजाचा वेग साधारण ३४९ मीटर प्रति सेकंद, त्यामुळे एक मीटरवरच्या भिंतीचा इको साधारण ५.७ मिलीसेकंदांनी येणार. आता नीट बघ, पल्स १० मिलीसेकंदांचा आहे आणि इको ५.७ला येतोय, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही एकमेकांवर चढलेले आहेत, डोळ्यांनी काही वेगळं करता येत नाही, पण कोरिलेशन काढल्यावर दोन पीक सुटे दिसतात. पल्स लांब ठेवून एनर्जी वाढवायची आणि तरी रिझोल्यूशन बारीक ठेवायचं, याला पल्स कॉम्प्रेशन म्हणतात आणि आजचे बहुतेक रडार यावरच चालतात.

रिझोल्यूशनचं सूत्र म्हणजे वेग भागिले दोन गुणिले बँडविड्थ. आपल्याकडे बँडविड्थ ४ किलोहर्ट्झ, तर साधारण साडेचार सेंटिमीटर येतं. रडारमध्ये वेगाच्या जागी प्रकाशाचा वेग टाक, १५० मेगाहर्ट्झ बँडविड्थला १ मीटर येतं. सूत्र तेच. एक अडचण नक्की येईल, लॅपटॉपमध्ये नॉइज सप्रेशन आणि इको कॅन्सलेशन आपोआप चालू असतं, ते आपला इकोच पुसून टाकतं, म्हणून साउंड सेटिंगमध्ये जाऊन सगळी एन्हान्समेंट बंद कर. पीकच्या बाजूला छोटे छोटे पीक दिसले तर ते टार्गेट नाहीत, साइडलोब आहेत, साध्या चर्पचे -१३ डीबीच्या आसपास असतात, हॅमिंग विंडो लावून बघ, खाली जातात पण मुख्य पीक जाड होतो. हा सौदा पुढे प्रत्येक ठिकाणी भेटणार आहे. पंखा चालू ठेवून आणि बंद करून, खिडकी उघडी ठेवून, रस्त्यावरचा ट्रॅफिक चालू असताना, असं सगळं रेकॉर्ड करून ठेव, फाइलला तारीख, अंतर, तापमान लिहून.

मग फुकटचा खरा डेटा. रडारसाठी कॅनडाच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीचा आयपिक्स रडारचा सी क्लटर डेटा घे. १९९३ मध्ये नोव्हा स्कॉशियातल्या डार्टमथला कड्यावरून समुद्राकडे बघत घेतलेला आहे, एक्स बँड, आणि टार्गेट म्हणून पाण्यात सोडलेला साधारण एक मीटर व्यासाचा जाळी गुंडाळलेला थर्माकोलसारखा गोळा. प्रत्येक फाइलमध्ये १४ रेंज सेल (अंतराचे तुकडे) आणि प्रत्येक सेलला १,३१,०७२ सॅम्पल. याच्यावर पहिलं काम असं कर की टार्गेट नसलेला एक सेल घे, त्याची सरासरी पॉवर काढ. जर क्लटर खरंच गॉशियन असेल तर पॉवर एक्स्पोनेन्शिअल असते, आणि फॉल्स अलार्म, म्हणजे टार्गेट नसताना आहे असं वाटणं, दहा हजारात एक ठेवायचा तर थ्रेशोल्ड सरासरीच्या ९.२१ पट लागतो. म्हणजे १,३१,०७२ सॅम्पलमध्ये साधारण १३ वेळा थ्रेशोल्ड ओलांडला गेला पाहिजे. आधी हे कॉम्प्युटरवर बनवलेल्या नॉइजवर करून बघ, १३च्या आसपास येतील. मग समुद्राच्या डेटावर कर आणि मोज, विशेषतः एचएच पोलरायझेशनमध्ये (आडव्या लहरी पाठवून आडव्याच घेतलेल्या). आकडा किती सुटतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की समुद्राच्या क्लटरसाठी के-डिस्ट्रिब्यूशन का आलं, आजूबाजूचा क्लटर बघून बदलणारा सीफार थ्रेशोल्ड का वापरतात, त्याचे इतके प्रकार का आहेत, हे कोणी समजवायची गरज राहत नाही. लाटा फुटतात, वर येतात, छोट्या बोटीसारखे इको देतात, आणि नौदलाच्या रडारला त्यातून पेरिस्कोप शोधायचा असतो. हा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि त्यावर काम करणारी माणसं कमी आहेत.

सोनारसाठी शिप्सइअर नावाचा डेटासेट आहे, स्पेनमधल्या व्हिगो बंदराजवळचा, ९० रेकॉर्डिंग, ११ प्रकारची जहाजं. यावर डेमॉन अ‍ॅनालिसिस करून बघ. जहाजाचा पंखा फिरतो तेव्हा पाण्यात बुडबुडे होतात, त्यांचा खरखराट पंख्याच्या फिरण्याबरोबर कमी-जास्त होतो, त्यामुळे हाय फ्रिक्वेन्सीचा पट्टा गाळून त्याचं एन्व्हलप (आवाजाच्या चढउताराची रेषा) काढून एफएफटी घेतला, म्हणजे त्यातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या केल्या, की शाफ्टचा वेग आणि पात्यांची संख्या दिसायला लागते. शाफ्ट मिनिटाला १२० फेरे घेत असेल तर २ हर्ट्झ, चार पाती असतील तर ८ हर्ट्झला रेष. सोनार ऑपरेटर कानांनी हेच ओळखतात. एवढ्या साध्या प्रोसेसिंगने जहाजाची चाल कळते, मला आजही हे फार भारी वाटतं.

आणि मुंबईतल्या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की सोनारचा विचार करा. रडारकडे सगळे जातात, विमान, मिसाइल, एईएसए (बीम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फिरवणारा रडार) वगैरे ग्लॅमर आहे, पण पाण्याखालचं काम जास्त अवघड आहे आणि आपल्या दारात आहे. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात जातच नाहीत म्हणावं इतक्या लवकर विरतात, म्हणून आवाज वापरावा लागतो, आणि समुद्रात आवाज साधारण १५०० मीटर प्रति सेकंदाने जातो, म्हणजे एक किलोमीटरवरच्या टार्गेटचा इको यायला १.३३ सेकंद. रडारला तेवढ्याच अंतराला ७ मायक्रोसेकंदही लागत नाहीत. फ्रिक्वेन्सी वाढवली तर रिझोल्यूशन वाढतं पण शोषणही वाढतं, १ किलोहर्ट्झला किलोमीटरमागे साधारण ०.०६ डीबी, १० किलोहर्ट्झला १ डीबीच्या आसपास, १०० किलोहर्ट्झला ३० डीबीच्याही वर. त्यात आपला पश्चिम किनारा उथळ. मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत आहे तरी तिथे पाणी ७०-८० मीटरच. त्यामुळे आवाज तळावर आपटतो, वर आपटतो, एकाच टार्गेटचे दहा रस्त्यांनी दहा इको येतात. तापमान एक अंशाने वाढलं की आवाजाचा वेग साधारण २ ते ४ मीटर प्रति सेकंद वाढतो, दुपारी वरचं पाणी तापलं की आवाज खाली वाकतो आणि वरच्या थरात सकाळी दिसणारी वस्तू दुपारी दिसत नाही. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी वर पसरतं ते वेगळंच. युरोप-अमेरिकेच्या थंड खोल समुद्रासाठी बनवलेलं सूत्र इथे तसंच्या तसं लागू पडत नाही, आपल्या पाण्यासाठी आपल्यालाच काम करावं लागणार आहे.

हे समजून घ्यायला बेलहॉप नावाचा फुकट मिळणारा रे-ट्रेसिंग प्रोग्राम आहे, पाण्यात आवाजाचे किरण कसे वाकत जातात ते काढणारा, पायथनमधून चालवता येतो. ७५ मीटर खोल पाणी, सोर्स ५ मीटरवर, रिसीव्हर ५० मीटरवर, अंतर ५ किलोमीटर, एकदा सगळीकडे सारखा वेग देऊन आणि एकदा वरच्या १५-२० मीटरला गरम थर देऊन चालव, दोन्हीचे प्लॉट शेजारी ठेव. हे दोन प्लॉट पुढे कामाला येणार आहेत.

हार्डवेअर करायचं असेल तर लॅमिंग्टन रोडला जा. बझरमध्ये असते ती पिएझो डिस्क स्वस्तात मिळते, तिला शील्डेड केबल सोल्डर करून सगळीकडून अ‍ॅरल्डाइटने सील केली की कामचलाऊ हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, तयार. त्याचा इम्पीडन्स खूप जास्त असतो म्हणून सरळ माइकच्या सॉकेटमध्ये घालू नकोस, लो फ्रिक्वेन्सी सगळी जाईल, टीएल०७२ सारखा एफईटी इनपुटचा ऑप-अँप लावून छोटा प्रीअँप बनव. बादलीत टेस्ट कर, मग कॉलेजच्या किंवा ओळखीच्या स्विमिंग पूलमध्ये परवानगी घेऊन. पवई तलावात उतरायचं डोक्यातही आणू नकोस, तिथे मगरी आहेत. आणि भाऊचा धक्का, गेटवे, नेव्हल डॉकयार्ड, माझगाव डॉक या सगळ्या बाजूला हायड्रोफोन, अँटेना, रेकॉर्डर असलं काहीही घेऊन जायचं नाही. हे मी गंभीरपणे सांगतोय, तो संवेदनशील भाग आहे, तिथल्या सिग्नलचं रेकॉर्डिंग केलंस तर ऑफिशिअल सिक्रेट्स अ‍ॅक्टपर्यंत प्रकरण जाऊ शकतं आणि करिअर सुरू व्हायच्या आधी संपेल. समुद्रातला डेटा हवा असेल तर तो गाईडच्या प्रोजेक्टमधून, रीतसर परवानगीने.

रडारचं हार्डवेअर स्वतः बनवून हवेत ट्रान्समिट करायला लायसन्स लागतं, त्यामुळे त्या फंदात न पडता लॅबला ७७ गिगाहर्ट्झचा गाड्यांमध्ये असतो तसला रडार बोर्ड घ्यायला सांग, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे इव्हॅल्युएशन बोर्ड बऱ्याच कॉलेजांत असतात. सध्या सगळ्यांना ड्रोन ओळखायचाय, पक्षी आणि ड्रोन वेगळे कसे करायचे, आणि त्याचं एक उत्तर मायक्रो-डॉप्लर, म्हणजे ड्रोनच्या फिरणाऱ्या पात्यांनी इकोच्या फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक. मुंबईत ड्रोन उडवायची परवानगी काढणं सोपं नाही, पण टेबल फॅन चालतो. पात्यांना अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या पंखा बंद असताना घट्ट चिकटव, जाळी परत नीट बसव, आणि रडार समोर न ठेवता बाजूने ठेव, कारण समोरून पाती रडारकडे येतच नाहीत, आडवी फिरतात. ४० सेंटिमीटरचा पंखा मिनिटाला १३०० फेरे घेत असेल तर पात्याच्या टोकाचा वेग २७ मीटर प्रति सेकंद, ७७ गिगाहर्ट्झला डॉप्लर जवळजवळ १४ किलोहर्ट्झ. तुझे चर्प ५० मायक्रोसेकंदांनी येत असतील तर कमाल वेग साडेएकोणीस मीटर प्रति सेकंदच मोजता येतो, म्हणजे फुल स्पीडला पंखा उलटा फिरतोय असं दिसेल. रेग्युलेटर कमी करत जा, कुठे सरळ होतो ते बघ. जाळी स्थिर आहे, तिचा इको मोठा येईल, प्रत्येक रेंज बिनमधून सरासरी वजा कर, गायब होते, हाच साधा एमटीआय, म्हणजे फक्त हलणारं टार्गेट वेगळं काढणं.

एवढं झालं की मग कुठे जायचं. पवईला आयआयटी बॉम्बेचं इलेक्ट्रिकल डिपार्टमेंट आहे, तिथे कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंगचा ग्रुप आहे, एमटेकला टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून दोन वर्षांचा आणि आरए (रिसर्च असिस्टंट) म्हणून तीन वर्षांचा असे दोन रस्ते आहेत, रिसर्च करायचाच असेल तर तीन वर्षांचा वाईट नाही, लॅबमध्ये हात बसतो. त्याच कॅम्पसमध्ये समीर आहे, १९८४ पासून, मायक्रोवेव्ह आणि आरएफमध्ये मुरलेली संस्था, तिरुपतीजवळ गदंकीला वातावरणाचा अभ्यास करणारा ५३ मेगाहर्ट्झचा जो प्रचंड एमएसटी रडार आहे त्यात त्यांचं काम आहे. अंबरनाथला डीआरडीओची एनएमआरएल आहे पण ती मटेरियल्सची लॅब, सिग्नल प्रोसेसिंगसाठी तिकडे जाऊन उपयोग नाही. पुण्यात गिरीनगरला डायट, थेट संरक्षण खात्याच्या छत्राखालचं विद्यापीठ. सोनारसाठी आयआयटी दिल्लीचं केअर हे इलेक्ट्रॉनिक्सचं रिसर्च सेंटर आणि कोचीचं क्युसॅट विद्यापीठ ही नावं लक्षात ठेव. डीआरडीओत रडार म्हणजे बेंगळुरूची एलआरडीई, 'उत्तम' आणि 'स्वाती' नावाचे रडार तिथले, सोनार म्हणजे कोचीची एनपीओएल, 'हमसा' आणि 'उषुस' नावाचे सोनार तिथले, टॉर्पेडो वगैरे विशाखापट्टणमची एनएसटीएल, इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर हैदराबादची डीएलआरएल. व्हीजेटीआय, एसपीआयटी किंवा मुंबई विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजमधून असशील तरी या सगळ्या ठिकाणी इंटर्नशिपसाठी कॉलेजच्या पत्रासकट अर्ज करता येतो, फक्त सहा महिने आधी सुरुवात कर, परवानग्यांना वेळ लागतो.

गेटचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत, स्कोअर तीन वर्षं चालतो. ईसी किंवा ईई पेपर. पैशाचं सांगायचं तर २०२३ पासून जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलो) महिना ३७,००० आणि एसआरएफला (सीनिअर) ४२,००० अधिक एचआरए म्हणजे घरभाडं भत्ता, एमटेकला गेटवर १२,४००. मुंबईत भाड्याने राहायचं तर एमटेकच्या स्टायपेंडमध्ये भागत नाही, हॉस्टेल मिळतंय का ते आधी विचार. एक कमी माहीत असलेला रस्ता म्हणजे प्रोजेक्ट स्टाफ. नेव्हल रिसर्च बोर्डासारख्या संस्था युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापकांना प्रोजेक्ट देतात, त्यावर वर्ष-दोन वर्षांसाठी माणसं घेतात, आयआयटी बॉम्बेच्या जागा आयआरसीसी या तिथल्या रिसर्च ऑफिसच्या पानावर येतात. वर्षभर असं काम करून मग पीएचडीला गेलेल्यांचा पाया पक्का असतो, मला तरी हा रस्ता सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

गाईडला मेल लिहिताना 'आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट' वगैरे लिहू नकोस, त्यांना रोज तसले ढीगभर येतात. चार ओळी लिही. तुमचा अमुक पेपर वाचला, त्यातली अमुक गोष्ट मी आयपिक्सच्या डेटावर करून बघितली, हा प्लॉट आला, इथे माझं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं येतंय, का ते कळत नाहीये, भेटायला वेळ मिळेल का. एक प्लॉट जोड, अक्षांवर युनिट लिहिलेलं, खाली कोडची लिंक. बेलहॉपचे ते दोन प्लॉट किंवा पंख्याचा स्पेक्ट्रोग्राम चालेल. सर किंवा मॅडम दोन आठवड्यांत बोलले नाहीत तर एकदा नम्रपणे आठवण कर, मग सोडून दे, दुसऱ्याला लिही.

भेट झाली की तिथेच एक गोष्ट स्पष्ट विचारायची, यातलं किती काम पब्लिश करता येईल. डिफेन्सच्या पैशातून चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये पेपर पाठवण्याआधी क्लिअरन्स लागतो, कधी लवकर मिळतो, कधी महिने जातात, काही डेटा लॅबच्या बाहेर नेताच येत नाही, स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा ड्राइव्हवर तर अजिबात नाही, आणि परदेशातल्या कोणाला कोड द्यायचा असेल तर स्कॉमेटचे, म्हणजे संवेदनशील तंत्रज्ञानाच्या निर्यातीचे, नियम लागू होऊ शकतात. पीएचडीला पेपर लागतातच, म्हणून थीसिसचा एक भाग तरी असा ठेवायला सांग जो उघड्या डेटावर उभा आहे, जसा आयपिक्स, शिप्सइअर किंवा सेंटिनेल-१ उपग्रहाच्या सार इमेज, म्हणजे रडारने काढलेली चित्रं. अल्गोरिदम तिथे सिद्ध करून पेपर लिहायचा, आणि मग तोच अल्गोरिदम आतल्या डेटावर लॅबमध्ये चालवायचा. अनुभवी गाईड हे स्वतःहूनच सुचवतात, नाही सुचवलं तर तू विषय काढ, पहिल्याच भेटीत काढ, तिसऱ्या वर्षी काढून उपयोग होत नाही.